मिटायचा राहिलेला चाकू

नवा चाकू विकत घेता येतो. तो चांगला आहे की नाही, हे मात्र विकत घेणाऱ्यानं ठरवायचं नसतं. दुकानदारानं मला हे सांगितलं नाही. दुकानदार असलं काही खरं सांगू लागले तर आमच्या सार्डिनिया बेटावरचा निम्मा व्यापार बसेल, हे मी समजू शकतो. तरीही त्यानं निदान एक उसासा टाकायला हवा होता, असं मला अजून वाटतं.

चाकू मी घेतला तो एका पांढऱ्या प्लास्टिकच्या सुरीपायी. दर उन्हाळ्याच्या तोंडाशी माझ्या सासऱ्यांच्या वाड्यावर मेंढ्यांची लोकर कातरतात. कातरणीनंतरच्या शनिवारी ओकच्या सावलीत लांबच लांब फळी मांडली जाते, भाजलेलं मांस येतं आणि फळीवर बसलेला प्रत्येक पुरुष खिशातून आपापला घडीचा चाकू काढून उघडतो. त्या क्षणी फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक बारीक, कोरडा आवाज पसरत जातो. लग्न झाल्यापासून मी तो आवाज ऐकत आलो आहे आणि प्रत्येक वेळी तो माझ्या जागेपाशी येऊन, एखाद्या ओळीत शब्द गळावा तसा, क्षणभर गळतो. कारण तेवढ्यात सासूबाई माल्लेना माझ्यापुढे प्लास्टिकची सुरी ठेवतात. तशीच सुरी त्या नातवंडांपुढेही ठेवतात. नातवंडं मोठी होतात. एकेका वर्षी एकेकापुढची सुरी नाहीशी होते. माझी टिकून आहे.

मी गावातल्या शाळेत वाङ्मय शिकवतो. निराशेवरच्या पुष्कळ कविता मला तोंडपाठ आहेत. मांस कापायला त्यांचा उपयोग नाही, हे माझे सासरे बाकीस यांनी आमच्या लग्नाच्या पंगतीतच जाहीर केलं होतं, आणि एवढ्या वर्षांत मला त्याचं खंडन करता आलेलं नाही.

तर यंदा मी चाकू घेतला. एडक्याच्या शिंगाची मूठ, मर्टलच्या पानासारखं निमुळतं पातं; मिटला की मुठीत झोपलेल्या चिमणीएवढा. मी तो खिशात टाकून चौकात आलो आणि कॉफीच्या दुकानात, कोणाचं लक्ष जाणार नाही अशा बेतानं, पण सगळ्यांना दिसेल अशा जागी, टेबलावर ठेवला.

शेजारच्या खुर्चीत आमचे औषधवाले पिन्ना होते. "घेतलास वाटतं," ते म्हणाले. "तपासला कोणी?"

"मीच तपासला."

पिन्नांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जी ते एरवी चुकीच्या गोळ्या घेऊन आलेल्या माणसासाठी राखून ठेवतात. "अरे मास्तर, आपली नाडी आपणच बघतो का कोणी? आपला चाकू आपल्याला चांगलाच वाटणार. आण इकडे. हातात नको देऊस, भांडण होतं! ठेव. मी उचलतो."

त्यांनी चाकू उजेडाकडे धरला, एक डोळा झाकला, पातं सरळ असल्याचं मान्य केलं, आणि धार पाहण्यासाठी माझी बाही वर सारली. आमच्याकडे धार हातावरच्या केसांवर बघतात. चाकू माझा म्हणून केसही माझेच, हा चौकाचा न्याय. पिन्नांनी एक पट्टा काढला. मग न्हाव्यानं, त्यात त्याचा धंद्याचा अधिकार म्हणून, दुसरा काढला. मग ज्यांचा कशाचाच अधिकार नव्हता तेही आले. संध्याकाळपर्यंत माझा डावा हात एखाद्या नवजात, खिन्न प्राण्यासारखा दिसू लागला होता. प्रत्येक जण चाकू उघडत होता, आपलं मत देत होता, मिटून खाली ठेवत होता. आणि शेवटी सगळ्यांची मतं एकाच दारात जाऊन थांबली.

"धार ठीक आहे," पिन्ना म्हणाले, "पण पात्याचा खिळा? सगळं त्या खिळ्यावर असतं. आणि खिळ्यातलं कळतं ते एकाच माणसाला. तुझ्या सासऱ्याला."

मला ते ठाऊक होतं. मी ते टाळत होतो.

बाकीसबाबांनी चाकूकडे पाहिलं तेव्हा ते आमच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते. मी तो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी आधी पेला संपवला. मग मिशा पुसल्या. मग हात पुसले. माझी पत्नी बोनारिआ भांडी घासता घासता थांबली. बापाला ती ओळखून होती आणि मला त्याहून जास्त. त्यांनी नखानं पातं उघडलं. ते दोन बोटांत धरून डावीकडे, उजवीकडे हलवलं. कानाशी नेलं. मूठ हुंगली.

"एडका म्हातारा होता," ते म्हणाले.

हे वाईट की चांगलं, ते मला कळेना. मी मान हलवली.

"धार दुकानातली आहे. ती जाईल, मग आपली येईल. पोलाद..." त्यांनी पात्यावर टिचकी मारली, "बरं आहे. खिळा मात्र..."

इथं ते थांबले. मी वर्गात असे विराम पुष्कळ घेतो, त्यामुळे मला वाटलं, म्हातारा परिणाम साधतो आहे. पण त्यांचा चेहरा चुलीतल्या राखेसारखा झाला. त्याही अवस्थेत त्यांनी चाकू टेबलावर नीट, पातं माणसांपासून दूर वळवून ठेवला, आणि मगच ते खुर्चीवरून कलंडले.

त्यानंतरची धावपळ मी सांगत नाही. ती सगळ्या घरांत सारखीच असते. रुग्णवाहिका आली, ते शुद्धीवर आले, आपल्याला उचलणाऱ्या माणसाला "मेंढी अशी उचलतात का?" म्हणाले, आणि सासूबाईंसह शहराकडे गेले. स्वयंपाकघर एकदम रिकामं झालं. टेबलावर उघडा चाकू होता. आवराआवर करणं हा माझ्यासारख्या माणसाचा दुःखातला एकमेव पराक्रम. मी तो मिटायला हात पुढे केला.

"हात काढ!" बोनारिआ अशी किंचाळली की शेजारची खिडकी उघडली. "बाबांनी उघडलाय तो!"

आमच्या गावात ज्यानं चाकू उघडला त्यानंच तो मिटायचा. दुसऱ्यानं मिटला तर उघडणाऱ्याचं काय होतं, हे कोणीही स्पष्ट सांगत नाही. विचारलं की लोक फक्त खिडकीबाहेर बघतात. मी शिकलेला माणूस आहे. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. मी हात काढून घेतला.

इथून पुढे मी माझ्या घरी नाही, चाकूच्या घरी राहू लागलो. तो टेबलाच्या मधोमध पडून होता. कोणाचा धक्का लागून तो आपोआप मिटला तर काय, या शंकेनं बोनारिआनं त्याच्यावर चाळणी पालथी घातली आणि चाळणी हलू नये म्हणून तिच्यावर पितळी खल ठेवला. आम्ही टेबलाच्या कडेला, उभ्यानं जेवू लागलो. समाचाराला येणारे लोक आधी म्हाताऱ्याची चौकशी करत, मग आवाज खाली आणत.

"कसे आहेत?"

"बरे म्हणायचे."

"आणि तो?"

"उघडा."

"हं," म्हणून ते चाळणीच्या भोकांतून डोकावत, आणि जाताना माझ्याकडे असं पाहत की जणू म्हाताऱ्याच्या छातीत मीच काही खुपसलं होतं. माझा मेहुणा आंतिने तर तोंडावरच बोलला, "जावईबापू, प्लास्टिकची होती ना छान? काय अडलं होतं?"

मग इस्पितळातून फोन आला. डॉक्टरीणबाई मुख्य भूमीवरच्या होत्या. संपत आलेल्या संयमाचा हिशेब माणसं ज्या स्वरात करतात, तसा त्यांचा स्वर होता. बाकीसबाबांच्या हृदयाचे ठोके मध्येच हरवत होते. छातीत एक छोटं यंत्र बसवायचं, काम अवघड नाही, पण उशीर केला तर एखादा ठोका हरवेल तो परत यायचा नाही. आणि रोगी सही करत नव्हता.

"ते म्हणतात, आधी चाकू मिटायचाय," बाई म्हणाल्या. "म्हणजे नेमकं काय? तुमच्याकडची काही म्हण आहे का?"

"नाही," मी म्हणालो. "चाकूच आहे."

फोन सासूबाईंनी घेतला. मी त्यांना माझी योजना सांगितली: बाबांना सांगून टाकू, कोणीतरी मिटला म्हणून. किंवा दुसरा तसाच चाकू घेऊ. किंवा आपोआप मिटला म्हणू. पलीकडून नाकानं सोडलेला एक श्वास आला. प्लास्टिकची सुरीही त्यांनी माझ्यापुढे इतक्या तुच्छतेनं कधी ठेवली नव्हती.

"घेऊन ये," त्या म्हणाल्या. "उघडाच."

मी आंतिनेला न्यायला सांगितलं, तर त्यानं कातरणीचं निमित्त पुढे केलं. "मेंढ्या सोडून कसा येऊ? आणि चाकू कोणाचा?"

"माझा."

"मग झालं तर."

आता उघडा चाकू हातात घेऊन शहराच्या बसमध्ये चढणारा मध्यमवयीन शिक्षक कायद्याला कसा दिसतो, हा विचार मला चढण्याआधी सुचला. शिक्षणाचा एवढा तरी फायदा. योग्य कारणाशिवाय चाकू बाळगणं गुन्हा आहे. म्हणून मी आधी पोलीस ठाण्यात गेलो. फौजदार ओदिनो उत्तरेकडच्या डोंगरांतले. बेटावर बदली झाल्यापासून ते कोणाचंही म्हणणं डोळे मिटून ऐकतात, कारण उघडून ऐकल्यास झोप उडते, असं ते म्हणतात.

"चाकू न्यायचाय. ठीक," ते म्हणाले. "कारण?"

"मिटायचाय."

"मग मिटा."

"मला चालत नाही."

"हात दुखतो?"

"नाही. सासऱ्यांनी उघडलाय."

फौजदारांनी डोळे उघडले. मी एका पेटीत उघडाच ठेवून आणलेला चाकू काढून त्यांच्या टेबलावर ठेवला होता. त्यांनी सहज, एखादी माशी झटकावी तसा, हात पुढे केला. कोपऱ्यातला हवालदार देलोगू, जो सहसा उठत नाही, खुर्चीसकट उठला.

"साहेब! हात लावू नका! म्हातारा इस्पितळात आहे!"

"त्याचा याच्याशी काय संबंध?"

देलोगूनं खिडकीबाहेर पाहिलं. मीही पाहिलं. बाहेर एक गाढव होतं. ते पण दुसरीकडेच बघत होतं.

फौजदारांनी खुर्चीला पाठ टेकली. त्या क्षणी मला ते फार जवळचे वाटले. एकाच थकव्याच्या दोन टोकांना आम्ही बसलो होतो. "हे बघा मास्तर," ते शेवटी म्हणाले, "'मिटण्यासाठी बाळगला' असं कारण मी लिहू शकत नाही. वरचे लोक मला आणखी लांब पाठवतील, आणि इथून लांब आता फक्त समुद्र आहे. हातात नुसता उघडा चाकू म्हणजे गुन्हा. पण..." त्यांनी देलोगूकडे मदतीसाठी पाहिलं.

"चीजमध्ये उघडा चाकू म्हणजे जेवण," देलोगू म्हणाला.

अशा रीतीनं मी, आधुनिक काव्याचा अभ्यासक, मांडीवर मेंढीच्या दुधाच्या पेकोरीनो चीजचा अख्खा गोल आणि त्यात मुठीपर्यंत रोवलेला चाकू घेऊन शहराच्या बसमध्ये बसलो. वळणावळणाला गोल डुगडुगत होता. मी तो दोन्ही हातांनी, परीक्षेचा निकाल धरावा तसा, धरून होतो. बाहेर कॉर्कसाठी साल सोललेली ओकची झाडं मागे जात होती, लालभडक, नुकतीच उघडी पडलेली. मला त्यांच्याबद्दल आपुलकी वाटली. पलीकडच्या बाकावरची काळा रुमाल बांधलेली म्हातारी बराच वेळ पाहत राहिली.

"खाणार नसशील तर रोवलास कशाला, मुला?"

"सासरे इस्पितळात आहेत, काकू. त्यांनी उघडलाय."

"अगं बाई," ती म्हणाली, आणि पुढच्या प्रत्येक वळणाला माझ्याबरोबर तिनंही एक हात गोलावर ठेवला.

इस्पितळाच्या दाराशी जाडजूड पहारेकरी होता. मी मनात सगळं भाषण तयार ठेवलं होतं: कायदा, परंपरा, श्रद्धा आणि विवेक यांच्यातला संघर्ष. त्यानं मला हात करून थांबवलं.

"हे आत जाणार नाही."

"मला कल्पना आहे," मी सुरुवात केली. "पण या चाकूच्या बाबतीत..."

"चाकूचं कोण बोलतंय? चीज! हृदयरोग्यांच्या मजल्यावर मेंढीचं चीज? किती मीठ असतं त्यात, माहीत आहे? माणूस मारायचाय का तुम्हाला?"

त्यानं चाकू हळूच उपसला, रुमालानं पुसला आणि टेबलावर ठेवला. मिटला नाही. पात्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या भादरलेल्या हाताकडे पाहिलं.

"कोणी उघडलाय?"

"सासऱ्यांनी."

"वर आहेत?"

"वर."

"मग उभे काय राहिलात? वर्तमानपत्रात गुंडाळा आणि पळा. चीज माझ्यापाशी राहू दे."

बाकीसबाबा इस्पितळाच्या झग्यात होते. त्या झग्यात कोणताही माणूस चुकून जन्मलेला दिसतो. त्यातून ज्याला मी आयुष्यभर जाड मखमली कोटात पाहिलं, तो माणूस मला एकदम अर्धा वाटला. फक्त मिशा पूर्ण होत्या. सासूबाई उशाशी बसल्या होत्या. दाराशी डॉक्टरीणबाई घड्याळाकडे बघत उभ्या होत्या.

"आलास?" ते म्हणाले. "चीजचा वास कसला येतोय?"

"कायद्याचा," मी म्हणालो. "ठेवू?"

"ठेव."

मी चाकू पलंगाशेजारच्या तिवईवर ठेवला. त्यांनी तो उचलला. पातं उजेडात पाण्यासारखं हललं. ते खिळ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. माझा जीव खरोखर त्या खिळ्यात अडकला होता. म्हाताऱ्याच्या जिवात अडकला होता तेवढाच; हे लाजिरवाणं आहे, पण होतं. मग त्यांनी अंगठा पात्याच्या पाठीवर ठेवून दाबला. चाकू मिटेना. मी नकळत पुढे झालो.

"लांब!" सासूबाई आणि सासरे एकदम म्हणाले.

त्यांनी दोन्ही हात लावले. ओठ आवळले. आणि तो बारीक, कोरडा आवाज झाला. डॉक्टरीणबाईंनी सही घेतली, परिचारक ढकलगाडी घेऊन आला. सगळं जमलं होतं. मला वाटलं, आता तरी मला घरी जाऊन बसून जेवता येईल.

पण बाकीसबाबा तळहातावरच्या मिटलेल्या चाकूकडे पाहत राहिले होते.

"मास्तर," ते म्हणाले, "तुझ्या त्या पुस्तकांत काय लिहिलेलं असतं? माणूस सगळं आवरून गेला की पुढं काय होतं?"

मी आठवून पाहिलं. एरवी इतक्या ओळी येतात. तेव्हा एकही आली नाही. "बहुतेक काहीच होत नाही, बाबा."

"मलाही तेच वाटतं," ते म्हणाले. आणि त्यांनी नखानं पातं पुन्हा उघडलं.

"बाकीस!" सासूबाई ओरडल्या.

"गप बस, माल्लेना. मी उघडलाय, मीच मिटीन. आल्यावर." त्यांनी चाकू तिवईवर ठेवला, पातं माणसांपासून दूर. "उचल, मास्तर. सांभाळ."

"आणि खिळा?" मला राहवेना. "खिळ्याबद्दल तुम्ही काही सांगत होतात..."

"तेही आल्यावर," ते म्हणाले, आणि गाडीवर स्वतः चढून बसले.

मी बाहेर बाकावर बसलो, मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर उघडा चाकू. सासूबाई खालच्या प्रार्थनागृहात गेल्या. जाताना चाकूकडे पाहून त्यांनी क्रूसाची खूण केली, माझ्याकडे पाहून केली नाही. समोर दोन झापांचं बंद दार होतं. अशा दारांवर मी वर्गात पुष्कळ बोललो आहे. आता मला एवढंच कळत होतं की ते आतून उघडतं. थोड्या वेळानं बुटांचा आवाज आला. पहारेकरी होता, काखेत माझा चीजचा गोल.

"मिटला नाही?"

"मिटला. पुन्हा उघडला."

"कोणी?"

"त्यांनीच."

त्यानं दाराकडे पाहिलं, मग हलकेच शीळ घातली. "हुशार आहे म्हातारा." तो माझ्या शेजारी बसला, गोल आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला, खिशातून स्वतःचा चाकू काढून उघडला. मग थांबला. "पहिला तुम्ही. गोल तुमचा आहे."

"माझा चाकू..."

"मिटायचा नाही म्हणतात. त्यानं कापायचं नाही असं कोण म्हणालं?"

मी कापलं. पातं विनातक्रार, सरळ खाली गेलं. आम्ही नुसते खात बसलो; चीज खरोखरच फार खारट होतं, आणि माझ्या डोळ्यांना जे काही झालं त्याला मी ते कारण पुढे केलं.

दार उघडलं तेव्हा गाडीवर आधी मला मिशा दिसल्या. मग एक हात, चादरीतून बाहेर आलेला, बोटं काहीतरी मागत असल्यासारखी. मी चाकू चादरीवर ठेवला. त्यांनी डोळे न उघडता तो चाचपला, दोन बोटांत पातं धरून डावीकडे, उजवीकडे हलवलं.

"ढिला आहे," ते म्हणाले. "खिळा. साफ ढिला. फसवलंय तुला, मास्तर."

आणि त्यांनी चाकू मिटला, या वेळी एका हातानं.

मी घरी फोन लावला. बोनारिआनं एका घंटीत उचलला. बाबा कसे आहेत, हे तिनं विचारलं नाही.

"मिटला?"

"मिटला."

"कोणी?"

"त्यांनीच."

पलीकडे पितळी खल उचलल्याचा आवाज आला. रिकाम्या टेबलावर तिनं ती चाळणी तशीच झाकून ठेवली होती. मग चाळणी खुंटीवर अडकवल्याचा. मग तिनं नाक शिंकरलं.

"खिळा ढिला आहे म्हणाले," मी सांगितलं.

"मग घट्ट करून घे. शनिवारी जेवण आहे. आणि घेतल्यावर कोणाला तरी दाखव बाई. तुझं तू ठरवू नकोस."